पडद्याची बायकांची बाजू

शनिवार, १५ फेब्रुवारी १९९२, संध्याकाळ. ठिकाण कन्हेरी, दूध संस्थेच्या नव्या खोलीपुढचं पटांगण. हजर: आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, माझी मुलगी, वय वर्षं सहा, आणि मी. आम्ही तिघी पडद्याच्या अलीकडे. पडद्याच्या पलीकडे, सिनेमाच्या मशीनच्या अंगाला: सासरे, ज्यांना घरात आणि गावात आबाच म्हणतात, आणि माझे यजमान. निमित्त: नव्या खोलीचा सत्यनारायण. प्रसादानंतर फुकट सिनेमा.

पाहिलेल्या प्रत्येक सिनेमाची मी अशी टिपणं ठेवते. कुठे पाहिला, कोण बरोबर होतं, गाणी किती आणि त्यातली घरी आल्यावर आठवली किती, शेवटी दहापैकी गुण. सकाळ-संध्याकाळ संस्थेत दुधाचं फॅट काढायचं, म्हणजे दूध किती कसदार ते मोजायचं काम माझ्याकडे आहे, त्यामुळे यजमान म्हणतात, "दुधाला लावतीस तसं सिनेमालाबी फॅट लावतीस व्हय?" लावते. लावायलाच पाहिजे. पाणी घातलेला सिनेमा तोंडावर ओळखू येत नाही, दोन दिवसांनी कळतं.

माझं माहेर बावड्याचं. तिथे जत्रेत तंबूतला सिनेमा यायचा. मधोमध दोरी बांधलेली असायची, दोरीच्या एका बाजूला बाया, दुसऱ्या बाजूला बापे, पण सगळ्यांची तोंडं पडद्याच्या एकाच अंगाला. लग्न होऊन कन्हेरीला आले आणि पहिला सिनेमा पाहायला गेले तर वेगळाच प्रकार. पटांगणात दोन बांबू रोवलेले, मधे पांढरा पडदा ताणलेला. मशीनच्या बाजूला सगळे बापे. पडद्याच्या पाठीमागे सगळ्या बाया. हा नियम कुणी केला ते कुणाला सांगता यायचं नाही. विचारलं की म्हणायच्या, "आमी हितंच बसतो." बरंही होतं. तिकडे विड्यांचा धूर आणि शिट्ट्या, इकडे पाय पसरून, पोरं मांडीवर घेऊन, शेंगा खात निवांत बसता यायचं.

पडदा पातळ, त्यामुळे चित्र आरपार दिसायचं. फक्त उलटं. पाट्यांवरची अक्षरं उलटी, हिरॉइनचा पदर उजव्या खांद्यावर. मला वाचता येतं म्हणून नावं लागली तेव्हाच माझ्या लक्षात आलं. बाकीच्या बायांपैकी बहुतेकींना अक्षरओळख नव्हती, आणि पदराचं त्यांनी आपल्या परीनं लावून घेतलं होतं. मुंबईकडे तसा घेतात. झालं. आवाजाचंही तसंच. भोंगा बाप्यांच्या बाजूला तोंड करून ठेवलेला, आमच्याकडे गाणी तेवढी यायची, संवाद म्हणजे नुसती गुणगुण. त्यात हिंदी. म्हणून कन्हेरीच्या बाया सिनेमा कानांनी पाहत नसत. तोंडावरून, हातांवरून, कोण कुणाकडे किती वेळ बघतंय त्यावरून गोष्ट लावत आणि एकमेकींना सांगत.

पण त्या बाजूला एक गोष्ट होती, जी बाप्यांना कधीच मिळाली नाही. मशीनची काच आमच्या समोर असायची. तिचा उजेड पडद्यातून आरपार येऊन नेमका मध्यावर एका ठिपक्यासारखा दिसायचा. हिरॉइनचं तोंड जवळून दाखवलं की तो ठिपका तिच्या कपाळात पेटायचा. माणसाच्या कपाळात तारा. वारा आला की पडदा हलायचा, तिचं एवढं मोठं नाक, एवढे मोठे डोळे लाटेसारखे वर-खाली व्हायचे, आणि तारा मात्र जागचा हलायचा नाही. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या हातातल्या शेंगा हातातच राहिल्या. आजवर पुण्यात दोनदा, बारामतीत कितीतरी वेळा चांगल्या टॉकीजमध्ये बसले आहे. तो तारा कुठेही दिसला नाही.

सिनेमाबद्दलची माझी मतं ठरलेली आहेत, ती इथेच सांगून टाकते. मारामारी एक पुरे. दुसरी आली की मी पिशवीत काय काय आणायचं राहिलं ते आठवून घेते. व्हिलनचा आवाज चांगला पाहिजे, दिसायला कसाही चालेल. हिरोला नाचता आलं नाही तर चालतं, धावता आलं पाहिजे. आईचं काम करणारी बाई थोडी जाड असावी, वाळलेल्या आईवर विश्वास बसत नाही. विनोदी नटाला निम्मा वेळ देण्यापेक्षा एक गाणं जास्त द्यावं. आणि गाण्याचं म्हणाल तर, शब्द कळले नाहीत आणि तरी भाकरी थापताना हात त्या ठेक्यावर पडायला लागला, तर ते गाणं दहापैकी दहा. असं का होतं ते मला आजही सांगता येणार नाही. मुंबईत कुठल्यातरी खोलीत बसून माणसं वाजवतात, आणि कन्हेरीत माझा हात हलतो. दूध कुठून कुठे जातं ते मला पक्कं माहीत आहे. हे कसं येतं ते नाही.

तर त्या संध्याकाळी मुलगी माझ्या आणि आत्याबाईंच्या मधे बसली होती. तिचा डावा हात झग्याच्या खिशात होता.

तो हात असा खिशात जायला तीन-चार महिने झाले होते. पोरगी डावरी. चमचा डाव्या हातात, खडू डाव्या हातात, मांजराला कुरवाळायचं तरी डाव्या हाताने. लहान होती तोवर सगळे हसले. शाळेत जायला लागली आणि आत्याबाईंनी मनावर घेतलं. त्यांचं म्हणणं साधं होतं. उद्या सासरी पंगतीत वाढायला उभी राहिली आणि डाव्या हातानं वाढलं तर लोक पानावरून उठतील. त्या दुष्ट नव्हत्या. त्यांच्या लहानपणी घरात मेंढरं होती, वर्षातले आठ महिने माणसं मेंढरांचा वाडा घेऊन हिंडायची. पायात काटा मोडलेलं कोकरू खांद्यावर घेऊन त्या कोसभर चाललेल्या. पण लोकांच्या तोंडाला त्या भीत. म्हणून जेवायला बसलं की पोरीच्या डाव्या हाताला चिंधी गुंडाळायच्या, लुगड्याच्या काठाची, मऊ, पण गाठ पक्की.

पोरगी रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. उजव्या हातानं चार घास खायची, कालवण झग्यावर सांडायची आणि "पोट भरलं" म्हणून उठायची. शाळेतून पाटी कोरी यायला लागली. पूर्वी दिवसभर कुठलंतरी गाणं गुणगुणायची, ते बंद झालं. मी आत्याबाईंशी दोनदा बोलले. पहिल्यांदा त्या म्हणाल्या, "तुला काय, तू बावड्याची. नावं मला ठेवत्याल." दुसऱ्यांदा त्यांनी चिंधी तेवढी धुऊन वाळत घातली. यजमानांना सांगितलं तर म्हणाले, "आईफुडं मी बोलू? तूच बोल." ते एमआयडीसीत कामाला, मोटारसायकलवर सकाळी जात ते संध्याकाळी येत. पोरीचं जेवण त्यांच्या दृष्टीला पडायचंच नाही.

सिनेमा सुरू झाला. हिरो ट्रक ड्रायव्हर होता. लहानपणी स्टेशनवर आईचा हात सुटलेला, गर्दीत हरवलेला. ती स्टेशनवरची आई इतकी धावली की आमच्या बाजूच्या दोन बायांनी आपापली पोरं जवळ ओढली. मग तो मोठा झाला, गाणी झाली, एक मारामारी झाली. (एकच. मी गुण वाढवला.) आणि मध्यंतरानंतर तो सीन आला.

पावसात ट्रक बंद पडलाय. हिरो एका म्हातारीच्या झोपडीत शिरतो. ती त्याला जेवायला वाढते. आपण मायलेक आहोत हे दोघांनाही माहीत नाही. तो पानावर बसतो, भाकरी एका हातात घेतो आणि त्याच एका हाताच्या बोटांनी मोडतो. पहिला तुकडा पानाच्या कडेला कावळ्याला काढून ठेवतो. म्हातारीच्या हातातला तांब्या तसाच राहतो. ती त्याच्या हाताकडे बघते. मग तोंडाकडे. परत हाताकडे. काहीतरी बोलली, ते भोंग्यातून पलीकडे गेलं. आमच्याकडे आले फक्त तिचे डोळे, ते पाण्याने भरत चालले होते आणि दोन डोळ्यांच्या मधे तो तारा पेटला होता. एवढा मोठा थेंब मी कधी पाहिला नव्हता. घागरीएवढा. बायांच्या बाजूला एकही शेंग फुटली नाही.

आत्याबाईंनी माझा दंड धरला. "वळखलं. तिनं त्येला वळखलं."

"व्हय," मी म्हणाले.

"हातावरनं वळखलं. बघ की, डावरा हाय त्यो. डाव्या हातानं भाकरी मोडली म्हणून वळखलं. न्हायतर कशी वळखली आसती? मिशा आल्या, मोटा झाला."

मी तोंड उघडलं. पडद्याच्या पलीकडे बसलेल्या प्रत्येक बाप्याला तो हात उजवा दिसत होता, हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण तेवढ्यात माझ्या मांडीला काहीतरी लागलं. पोरीने खिशातून हात काढला होता आणि पडद्याच्या उजेडात धरून, उलटा-पालटा करून ती तो बघत होती. मी तोंड मिटलं. कधी कधी गप्प बसणं हेच काम असतं, आणि ते मी नीट केलं असं मला आजही वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिंधी दिसली नाही. तिसऱ्या दिवशी ती दिवा पुसायला गेलेली दिसली. पोरीने डाव्या हातानं दोन भाकरी खाल्ल्या. आबांनी पाहिलं आणि म्हणाले, "का गं, आज चिंधी इसरलीस?"

"तुमी जेवा," आत्याबाई म्हणाल्या. "मोटमोट्या लोकांचं हात डावं असत्यात. तुमाला काय ठावं."

शेजारची एक बाई दूध घालायला आली होती, पोरगी तिला डाव्या हातानं किटली देत होती. ती म्हणाली, "आत्ती, नात डावरी ऱ्हायली म्हणायची."

"व्हय. हिरोवाणी."

"कंच्या हिरोवाणी?"

"परवा तू काय झोपली हुतीस का पडद्याम्होरं? आख्ख्या बायांनी बघितलं."

त्या बाईने आठवून मान हलवली. खरंच, तिनेही पाहिलं होतं. कन्हेरीतल्या सगळ्या बायांनी पाहिलं होतं. साक्षीदार म्हणाल तर अख्खं अर्धं गाव. त्यानंतर पोरीला कुणी बोललं नाही, निदान बायांत तरी नाही. आणि पंगतीत कोण उठतं, कोण बसतं हे बायाच ठरवतात.

मी फॅन माणूस आहे, सिनेमाची भक्ती मला नवीन नाही. पण त्या आठवड्यात मी खरोखर गार झाले. मी दोनदा बोलून जे झालं नाही, शाळेत जाऊन बोलले असते तरी झालं नसतं, ते एका पांढऱ्या कापडाने केलं. तेही चुकीच्या बाजूने.

पुढची दोन वर्षं चांगली गेली. घरात कॅसेट आल्या. यजमानांनी टेपरेकॉर्डर आणला, आबांनी ट्रॅक्टरला डेक बसवून घेतला आणि उसात कोणती गाणी लावायची यावर बापलेकांत वाद व्हायला लागले. माझं मत: बायकांच्या आवाजातलं गाणं ट्रॅक्टरवर टिकत नाही, इंजिन त्याला खातं, पुरुषाचा भरदार आवाज पाहिजे. कॅसेटच्या ए बाजूला चांगली गाणी आणि बी बाजूला भरताड असते असं लोक म्हणतात. मला उलट वाटतं. ए बाजू विकायला असते, बी बाजू ऐकायला. पोरगी पुन्हा गुणगुणायला लागली होती. पाटीवर हिरॉइन काढायची, डाव्या हाताने, फटाफट. डोळे भुवयांपेक्षा मोठे.

मग बावड्याहून माझा भाऊ आला. कारखान्याला ऊस गेला होता, खुशीत होता. म्हणाला, "चला, समद्यांला बारामतीत पिच्चर दावतो. आत्याबाई, तुमीबी. टॉकीजात, खुर्चीवर बसून." आत्याबाई टॉकीजमध्ये कधी गेल्या नव्हत्या. नवं लुगडं काढलं. यष्टीने गेलो. टॉकीजसमोर उतरलो आणि मी पोस्टर पाहिलं. ट्रक, पाऊस, पानावर बसलेला हिरो. जुने सिनेमे मॅटिनीला पुन्हा लागतात, त्यातलाच तो होता.

भाऊ तोवर तिकिटांच्या खिडकीवरून परत आला होता. मी भावाला म्हणाले, "दुसऱ्या टॉकीजला नवीन लागलाय, तितं जाऊ."

"तिकटं काढली की."

"ह्यो पाहिलाय आमी."

"मी न्हाय पाहिला," भाऊ म्हणाला. आणि आत्याबाई म्हणाल्या, "ह्योच बघू. चांगला हाय. त्यात आई-लेकाची भेट हाय." त्या पोरीकडे वळल्या. "तुज्या हिरोचा हाय गं."

आत अंधार, पंखे, खुर्च्या. आत्याबाई खुर्चीवर मांडी घालून बसल्या. पडद्यावर प्रकाश पडला तेव्हा त्यांच्या तोंडून नुसता श्वास निघाला, इतकं स्वच्छ चित्र त्यांनी पाहिलं नव्हतं, आणि आवाज चारी बाजूंनी. एरवी मीही तशीच गुंगून गेले असते. हा आवाज टॉकीजच्या भिंतीत कुठे बसवलेला असतो, पाऊस पडला तर खुर्चीखाली ओल आल्यासारखं का वाटतं, या विचारात मी पूर्वी अख्खे सिनेमे घालवले आहेत. त्या दिवशी मला फक्त तो सीन येऊ नये असं वाटत होतं. यायचा तो येणारच. तो काही माझ्या वेळापत्रकाने लागणार नव्हता.

आला. झोपडी, पाऊस, पान. हिरोने उजव्या हातात भाकरी घेतली, उजव्या हातानं मोडली, उजव्या हातानं तुकडा कडेला ठेवला.

आबा पलीकडच्या खुर्चीवरून वाकून म्हणाले, "म्हातारे, बघ. तुजा हिरो उजव्यानं जेवतोय."

"गप बसा. ह्यांनी पिच्चर उलटा लावलाय," आत्याबाई म्हणाल्या. "पैसं घेत्यात आन उलटा दावत्यात."

पुढच्या रांगेतली दोन पोरं हसली. माझा भाऊही हसला. आत्याबाई हसल्या नाहीत. त्यांनी सिनेमा शेवटपर्यंत पाहिला आणि हिरोने हात वापरला की दर वेळी मान थोडी पुढे केली. स्टिअरिंग, सही, व्हिलनच्या थोबाडीत. सगळं उजव्या हाताने.

परतीच्या यष्टीत आबांनी उलगडून सांगितलं. त्यांना मजा वाटत होती, मनात वाईट काही नव्हतं. तळहात वर धरला आणि म्हणाले, "आमी मशीनच्या अंगानं बघतो. तुमी बाया पडद्याच्या पाठीकडनं. आरशात बघितल्यागत. त्यो उजव्यानंच जेवत हुता, तुमाला डावा दिसला. आख्खी जिंदगी उलटा शिनमा बघितलाय तुमी."

"सूनबाई, खरं का?" आत्याबाईंनी मला विचारलं.

"व्हय," मी म्हणाले. आता दुसरं काही म्हणता येण्यासारखं नव्हतं.

त्यानंतर कन्हेरी येईपर्यंत त्या खिडकीबाहेर बघत बसल्या. मी मनात तयारी करत होते. चिंधी पुन्हा निघाली तर काय म्हणायचं. शाळेत कुणाला भेटायचं. गरज पडली तर पोरीला बावड्याला नेऊन ठेवायचं का. पोरगी माझ्या मांडीवर होती. तिचे दोन्ही हात मला दिसत होते. डावा तिने उजव्या हातात धरून ठेवला होता.

घरी आलो. मी पिठलं टाकलं, भाकरी केल्या, पानं घेतली. आत्याबाई चुलीशेजारी बसल्या होत्या, नवं लुगडं तसंच अंगावर. पोरगी पानावर बसली. तिने भाकरी उजव्या हातात घेतली. कुणीच काही सांगितलं नव्हतं. एका हातानं मोडायला गेली, जमलं नाही, भाकरी पानाबाहेर पडली. तिने उचलली आणि पुन्हा उजव्यानेच मोडायला लागली. जीभ दातात धरून.

"ए," आत्याबाई म्हणाल्या. "त्या हातानं नगं. तुज्या हातानं जेव."

"आज्जे, त्यो उजव्यानं जेवतो."

"जेवू दे."

"तू म्हनलीस त्यो डावरा हाय."

"मी चुकले. उलटं दिसलं मला." त्यांनी हे असं म्हटलं, जसं मीठ कमी पडलं म्हणावं. आबांचा हात तोंडाकडे जाता जाता थांबला. चाळीस वर्षांत त्यांनी हे शब्द ऐकले नव्हते.

"मंग?" पोरगी म्हणाली.

आत्याबाई सरकून तिच्या पानाजवळ आल्या. "त्येच्या आईनं त्येला कशावरनं वळखलं? मिशांवरनं? न्हाय. भाकरी मोडायची रीत हुती त्येची, त्येवरनं. ल्हानपणी त्येला कुणी म्हनलं आसतं, बाबा, अशी मोडू नगं, चारचौघांसारखी मोड, तर झोपडीत जेवून उठून गेला आसता की त्यो. म्हातारी बसली आसती रडत." त्या थांबल्या. "मेंढरं वागवली हाईत मी. शंभरात कोकरू सुटलं तर आई त्येला वासावरनं काढती. त्येला धुऊन पुसून दुसऱ्या वासाचं केलं, तर मेंढी जवळ घेत न्हाय. लाथ मारती. तुजा हात ही तुजी खूण हाय. खूण पुसली आन उद्या जत्रंत हारवलीस, तर मी तुला कशावरनं वळखू?"

पोरीने विचार केला. मग भाकरी डाव्या हातात घेतली आणि मोडली. पहिला तुकडा पानाच्या कडेला ठेवला, कावळ्याला. ते मात्र तिने सिनेमातून उचललं होतं, आणि आजतागायत सोडलेलं नाही.

आबा हळूच मला म्हणाले, "सूनबाई, ही टॉकीजात बसून येवढं बघून आली? मी तर ट्रकच बघत हुतो."

मी त्या सिनेमाला आधी सातच गुण दिले होते. त्या दिवशी फेरतपासणी केली. हिरो चुकला, हात चुकला, बाजू चुकली, आणि तरी जे पोचायचं ते आत्याबाईंपर्यंत पोचलं. संवाद न कळता पोचलं. लिहिणाऱ्याने ते कुठल्यातरी टेबलावर बसून लिहिलं असेल, त्याच्या स्वप्नातही कन्हेरी नसेल. मी नऊ केले. दहा कधीच देत नाही, गाणं सोडून.

आता पोरगी तेरा वर्षांची आहे. घरी केबल आली आहे, त्यामुळे गाणी दिवसभर चालतात आणि मला वाटतं त्यामुळेच ती कमी आठवतात. पोरीचं लक्ष मात्र गाण्यात नसतं, बाह्यांत असतं. हिरॉइनने कसली बाही घातली, गळा कुठून कापला, चुण्या कुठे घातल्या. एकदा बघते आणि कागदावर काढते. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिला इंदापूरला माझ्या बहिणीकडे शिवणक्लासला पाठवली. आत्याबाईंनी स्वतःची दोन जुनी लुगडी कापायला दिली.

ती आठ दिवसांनी भेटायला आली तेव्हा अंगठ्याच्या मुळाशी फोड आलेला होता. कात्री उजव्या हाताची असते, हे मला या वयापर्यंत माहीत नव्हतं. डाव्या हातात धरली की पाती एकमेकांपासून सुटतात, कापड कापलं न जाता दुमडतं. क्लासच्या बाईंनी चांगलं सांगितलं. डावऱ्या माणसांसाठी पाती उलटी बसवलेली कात्री मिळते, त्यांनी कुठेतरी पाहिली होती, पुण्यात चौकशी करा. उजव्या हातानं शीक असं त्या म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर आत्याबाई यष्टीने इंदापूर गाठून आल्या असत्या. गुडघे दुखतात तरी.

मी बारामतीत तीन दुकानं पाहिली. एकाने विचारलं, "उलटी कात्री? बिघडल्याली व्हय?" इंदापूरला बहिणीने बाजारात विचारलं, नाही मिळाली. यजमानांनी एमआयडीसीत एका फिटरला पाती बदलून द्यायला सांगितलं, त्याने बदलली, पण स्क्रू बसेना. आत्याबाई रोज सकाळी मी दूध संस्थेत निघाले की ओट्यावरून विचारतात, "पुण्याला कवा जानार?" पोरीने दुसरं लुगडं अजून कापलेलं नाही. ते घडी घालून, त्यावर खडूने बाहीची रेघ मारून, कपाटात ठेवलं आहे.

पुण्याला जायचं आहे. कात्री आणायची राहिली आहे.